छावणी

छावणी हा शब्द आता दोनच ठिकाणी ऐकू येतो. एक लष्कराची छावणी आणि दुसरी दुष्काळात जनावरांसाठी उघडतात ती चारा छावणी. पण या शब्दाचं मूळ पावसात आहे. छावणे म्हणजे शाकारणे, डोक्यावर छप्पर घालणे. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि मृगाच्या आत घरी परतत. परतणं जमलं नाही तर जिथे असतील तिथे गवती छपरं घालून पाऊस काढत. त्या बसण्याला म्हणत छावणी. साधू-संन्यासी चातुर्मासात एका गावी राहतात, बौद्ध भिक्खू वर्षावास करतात, त्यातलाच हा शिपाईगड्यांचा प्रकार म्हणा ना.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या जुलैत आम्हीही एक छावणी केली. दोन रात्रींची. माझी एक जुनी मैत्रीण आहे, आम्ही एकाच शाळेत बरीच वर्षं शिकवलं. तिचं सासर गारगोटीच्या पलीकडे, कडगाव-पाटगावच्या बाजूला एका वाडीत. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ती दोघं आता बरेचसे दिवस तिथेच शेतावरच्या जुन्या घरात असतात. "पावसात ये, उन्हाळ्यात काय सगळेच येतात," असं ती दरवर्षी म्हणायची. यंदा पुतण्याने गाडी काढली, मी आणि आमचे हे मागे बसलो, आणि शनिवारी सकाळी निघालो. कोल्हापूर सोडल्यावर कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा, गारगोटी. कोल्हापूर ते गारगोटी सुमारे ५० किलोमीटर. बिद्रीच्या पुढे पाऊस असा कोसळायला लागला की वायपर नुसता हात जोडून उभा राहिल्यासारखा. पुतण्या कुरकुरला, "काकू, दोन तास लागणार आता."

मी त्याला औरंगजेबाची गोष्ट सांगितली. (सवय जात नाही. गाडीत चार माणसं असली की मला वर्ग दिसतो.) १७०२ सालच्या जूनमध्ये औरंगजेबाला खेळणा मिळाला, म्हणजे आपला विशाळगड. वेढा सहा महिने चालला होता. किल्ला हाती आला तेव्हा पावसाला सुरुवात झालेली. बादशहा पन्हाळ्याकडे निघाला. अंतर सुमारे ३० मैल. त्याला लागले ३८ दिवस! ओढे फुगलेले, चिखलात उंट-बैल मरून पडताहेत, तंबू वाहून गेलेले, अन्नधान्य मिळत नाही. जदुनाथ सरकारांनी हे सगळं तपशिलात लिहिलं आहे. त्या काळात जगातल्या मोठ्यात मोठ्या फौजांपैकी एक फौज सह्याद्रीच्या या पट्ट्यात दिवसाला एक मैलसुद्धा धड चालली नाही. मराठ्यांचा पराक्रम होताच, पण पावसाचं नाव आपण फार लहान अक्षरात लिहितो.

"मग आपलं बरं चाललंय," पुतण्या म्हणाला.

घर पाहिल्यावर आमचे हे खूष. मातीच्या भिंती, दगडी जोतं, पुढे सोपा, मग माजघर, डाव्या हाताला गोठा आणि त्याच्याच लगत न्हाणी. पश्चिमेच्या भिंतीला झडीचा मारा बसू नये म्हणून बाहेरून गवताच्या ताट्या बांधलेल्या. पुढच्या पाख्यावर मंगलोरी कौलं आणि मागच्या पाख्यावर अजून जुनी खापरी. एका छपरावर इतिहासाचे दोन कालखंड एकमेकांना टेकून बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ साली मंगळूरला काढला. त्याआधी आपल्याकडे सगळं काम कुंभाराच्या हातच्या खापरी कौलावर किंवा गवतावर. खापरी कौल दर उन्हाळ्यात चाळावं लागतं. सगळी उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे बघायचे, पुन्हा रचायची. माकडांनी एक उडी मारली की केलेलं काम पुसलं. मंगलोरी कौल खाचेत खाच घालून बसतं, ते हलत नाही. जर्मन पाद्र्यांनी आणलेल्या या कौलाने आमच्या बायकांचे वैशाखातले किती दिवस वाचवले, याचा हिशेब कुणी मांडलेला मला दिसला नाही.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, भारंगीची भाजी. चुलीवर अर्थातच. गॅस आहे, पण पावसात चूल पेटती ठेवावी लागते, नाहीतर घर ओलं होतं असं मैत्रीण म्हणाली. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि सकाळी उकरून त्यावरच शेणी लावायच्या. काडेपेटी घरोघरी येण्यापूर्वी विस्तव विझला तर शेजारून मागून आणायचा, नाहीतर चकमक झाडायची. ती झाडायला लागते गार, म्हणजे गारगोटीच. ज्या गावाच्या नावातच विस्तवाचा दगड आहे त्या गावाच्या वाटेवर मी दोन दिवस एकही कोरडी काडी पाहिली नाही, ही एक गंमत. असो.

शनिवारी दुपारभर कुठे जाणं शक्य नव्हतं. सोप्यात बसून दाजी (मैत्रिणीचे यजमान) समोरच्या ढगाकडे बोट करून सांगत होते, "त्या तिकडं भुदरगड. आणि असं सरळ गेलं की रांगणा." दिसत काहीच नव्हतं. ढगाकडे बोट दाखवून इतिहास सांगायचा, हे फक्त पावसाळ्यातच होऊ शकतं.

रांगण्याची गोष्ट मला फार दिवस सांगायची आहे, तर ती इथेच सांगते. रांगणा हा भुदरगड तालुक्याचा अगदी कडेचा किल्ला, खाली कोकणातलं नारूर. औरंगजेब १७०७ साली वारला, शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले, आणि त्यांची आपल्या चुलतीशी, ताराबाईंशी गादीवरून जुंपली. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला आणि लगोलग ते दक्षिणेकडे आले. पन्हाळा घेतला, विशाळगड घेतला. ताराबाई रांगण्यावर आल्या होत्या. शाहूंनी रांगण्याला वेढा घातला. ताराबाई तिथून निसटून सिंधुदुर्गाकडे गेल्या आणि किल्ला रामचंद्रपंत अमात्यांनी लढवला. उन्हाळा सरत आला तरी किल्ला पडेना आणि पावसाळा तोंडावर आला. शाहूंना वेढा उठवून मागे फिरावं लागलं. छावणी करावी लागली! तेवढ्या अवधीत ताराबाईंना दम घ्यायला मिळाला. पुढे पन्हाळा त्यांनी परत मिळवला आणि १७१० च्या सुमारास तिथे वेगळी गादी उभी राहिली. तीच कोल्हापूरची गादी. १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या हद्दी ठरल्या.

पाऊस आणखी महिनाभर लांबला असता तर? इतिहासात जर-तर करू नये असं मी वर्गात नेहमी सांगत असे, आणि मुलं गेल्यावर स्वतः करत असे. मला वाटतं, रांगणा पडला असता तर ताराबाईंना उभं राहायला सह्याद्रीच्या माथ्यावर जागाच उरली नसती. राजर्षी शाहूंची गादी, त्यांनी वसतिगृहांत शिकवलेली मुलं, आणि त्यांची मुलं... पुढचं मी लिहीत नाही, पण माझे वडील अशा एका वसतिगृहात शिकले एवढं सांगते.

दाजींना मात्र ताराबाईंपेक्षा गडकऱ्यांचा पुळका जास्त. त्यांच्या घरात सांगत आलेत की त्यांचे पूर्वज भुदरगडावर शिबंदीत होते. गडकरी म्हणजे किल्ल्यावरचे वंशपरंपरेने राहणारे शिपाई. पगार रोखीत नाही. किल्ल्याकडे जमिनी लावून दिलेल्या, त्यांच्या उत्पन्नावर गुजराण. बाप गेला की मुलगा पहाऱ्यावर. १८४० च्या दशकात कोल्हापूरचे महाराज अल्पवयीन होते आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. पंडितांनी कारभार नीटनेटका करायला घेतला, आणि किल्ल्यांकडच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली आणल्या. कागदावर ही सुधारणाच. पण ज्याच्या घरात दोनशे वर्षं त्या जमिनीचं भात येत होतं त्याला ती सुधारणा कशी वाटेल? १८४४ च्या जुलैत सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगडानेही लावून घेतले.

जुलैत, हे लक्षात घ्या. मी दाजींना म्हटलं, "तारखा ओळीने मांडा बघू." जुलैत दरवाजे बंद. धो धो पाऊस, तोफा चिखलातून वर न्यायच्या कशा? बंड पसरत गेलं. कोल्हापुरात खुद्द कारभाऱ्यांनाच लोकांनी धरलं. बाबाजी अहिरेकर हा पुढारी झाला. सातारचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना पकडून पन्हाळ्यावर कोंडलं. मग पाऊस उघडला. जनरल डेलामोट फौज घेऊन आला. ऑक्टोबरात सामानगड पडला, १ डिसेंबरला पन्हाळा. भुदरगडही त्याच मोसमात गेला. उरलेसुरले लोक सावंतवाडीकडे मनोहर-मनसंतोष गडांवर गेले, तिथेही १८४५ च्या सुरुवातीला आउट्रमने त्यांना गाठलं. किल्ल्यांचे तटबुरूज पाडले, गडकऱ्यांची जुनी पद्धत मोडली आणि या सगळ्याचा खर्च कोल्हापूर संस्थानाच्या नावावर टाकला.

याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणावं का, यावर दाजींचं आणि माझं रात्री जेवणापर्यंत वाजलं. ते म्हणतात, १८५७ च्या तेरा वर्षं आधीचं हे स्वातंत्र्ययुद्ध. मला तसं म्हणवत नाही. ते लोक भाकरीसाठी लढले, आणि भाकरीसाठी लढण्यात कमीपणा कसला? स्वातंत्र्याची लढाई पाहायची तर ती गारगोटीतच आहे. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि सात जण हुतात्मा झाले. आज तालुक्यातल्या सूतगिरणीला ज्यांचं नाव आहे ते स्वामी आणि वारके त्या सातांतले. कचेरीवर चालून जाणाऱ्या त्या माणसांना ठाऊक होतं आपण कुणाला घालवायला निघालोय ते. १८४४ च्या गडकऱ्याला आपली जमीन परत हवी होती. दोन्ही माणसं मोठी, पण त्यांना एकाच टोपीत बसवू नये. दाजींना हे पटलं नाही. त्यांनी भाकरी मोडली आणि "मास्तरीण बाईंशी कोण बोलणार," म्हणून विषय संपवला.

रविवारी सकाळी तासभर उघडीप मिळाली म्हणून पाटगावला जाऊन आलो. मौनी महाराजांचा मठ पाहिला. कर्नाटकच्या मोहिमेवर जाण्यापूर्वी १६७६ साली शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते असं सांगतात. गारगोटीच्या शिक्षणसंस्थेला याच साधूंचं नाव आहे, श्री मौनी विद्यापीठ. ते उभं करणारे डॉ. जे. पी. नाईक शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिणाऱ्या माणसाने स्वतःची संस्था या आडवळणी जागी काढावी, याचं मला पूर्वी नवल वाटे. दाजी त्या संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. "घर जवळ असून वसतिगृहात का?" असं पुतण्याने विचारलं, तर ते हसले. नदी आडवी होती ना! जूनमध्ये पोचवायचं आणि गणपतीला आणायचं. वसतिगृह नसतं तर दाजींची शाळा दरवर्षी पावसाने बुडवली असती. आता पाटगावची ओळख 'मधाचं गाव' अशी झाली आहे, २०२३ साली केंद्र सरकारच्या उत्कृष्ट पर्यटन गावांच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. मध घेतला. सुरेख आहे.

परतलो तोवर पुन्हा झड लागली होती. हा म्हातारा पाऊस, पुष्य नक्षत्राचा. आधीचा पुनर्वसूचा तो तरणा. तरणा नुसता धिंगाणा घालतो, म्हातारा चिकाटीने बसतो. मैत्रिणीच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आत्तीच म्हणतो, नव्वदी ओलांडलेल्या. चुलीपुढे बसून आमचं ऐकत होत्या. मी ताराबाईंची आणि पावसाची गोष्ट पुन्हा रंगवून सांगत होते, पाऊस होता म्हणून गादी वाचली वगैरे. आत्ती मध्येच म्हणाल्या,

"वाचली आसंल. माझी लेक न्हाई वाचली."

सगळे गप्प झाले. मैत्रिणीला ठाऊक होतं, मला नव्हतं. आत्ती चुलीतलं लाकूड पुढे सारत सांगत राहिल्या, काहीच न घडल्यासारखं.

"पैली लेक माझी. आसळकाच्या पावसात ताप आलावता तिला. दोन दिस काढा दिला. तिसऱ्या दिशी चार माणसं घोंगड्याची झोळी करून निघाली, गारगोटीच्या दवाखान्यात न्यायाय. मी मागनं. नदी चढलीवती. नावाडी म्हनला, उतरू दे, मग सोडतो. सांजपतोर कडंला बसलो इरलं घिऊन. उतरली न्हाई."

साल त्यांना सांगता येत नाही. थोरला, म्हणजे दाजी, तेव्हा पोटात होते. त्यावरून मी १९५० च्या दशकाची अखेर धरली. मुलीचं नाव मी विचारलं. त्यांनी सांगितलं. ते त्यांच्यापाशीच राहू दे.

मिरगापासून गौरीपर्यंत वाडी बंद, असा इथला जुना हिशेब. मीठ, तेल, मिरची, जळण, सगळी बेगमी अगोटीला करून ठेवायची. फक्त आजारपणाची बेगमी करता येत नव्हती. नदीवर पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. दगडी खांब आणि मधल्या खाचांत बरगे, पावसाळ्याआधी बरगे काढून ठेवायचे की पूर निघून जातो. पाणी अडवायला फार शहाणी रचना. उसाला पाणी मिळालं, वरून बैलगाडी जाऊ लागली, गावं जोडली गेली. पण ऐन पुरात हा बंधारा पाण्याखाली जातो, म्हणजे जेव्हा वाट हवी नेमकी तेव्हा नसते. बारमाही उंच पूल आमच्या मैत्रिणीच्या वाडीला आला तो फार उशिरा, तिची मुलं मोठी झाल्यावर. आणि हीच वेदगंगा पुढे निपाणीजवळ यमगर्णीला राष्ट्रीय महामार्गावर चढते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तिने पुणे-बंगळूर वाहतूक बंद पाडली. चौपदरी रस्त्यावर ट्रकवाले छावणी करून बसले होते.

२०१९ साली या घराच्या सोप्याच्या शेवटच्या पायरीला पाणी लागलं होतं. २०२१ ला जोत्यावर चढलं आणि न्हाणीची भिंत बसली. म्हणून आता घरात खल चालू आहे. पुण्यातला नातू म्हणतो, पाडून स्लॅबचं बांधू, दोन खोल्या जास्त काढू, पर्यटकांना देऊ. मैत्रिणीला वाटतं, कौलारू घराचं रूप तसंच ठेवून डागडुजी करावी, पर्यटकांना तरी दुसरं काय हवं असतं? दाजी दोन्ही बाजूंनी बोलतात. रविवारी रात्री हा विषय आमच्यासमोर निघाला, आणि पाहुणी असूनही मी माझं मत दिलंच. म्हटलं, हे छप्पर मोडू नका, असं घर आता पुन्हा होणार नाही. वासे बघा, जोत्याचे घडीव दगड बघा. आमचे हे तर फोटोच काढत होते.

आत्तींना नातवाने फोनवर विचारलं, "आज्जी, तुझं काय म्हणणं?"

आत्ती म्हणाल्या, "वर कौल घाल न्हाईतर सलाब घाल, मला त्याचं काय न्हाई. जोतं कंबरंएवढं उचल. आन रस्त्याच्या अंगाला दार काढ, रुंद. माणूस आडवं न्हेता आलं पायजे."

नातू म्हणाला, बरं. दाजींनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं, जोतं तीन फूट, दार चार फूट. मग मैत्रिणीने निखारे राखेत पुरले आणि दिवा घालवला.